आधी मोजा, मग निदान करा : वाचकांच्या प्रश्नांना बालरोगतज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हापुन्हा येतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधही दिलं, पण मुलाला उतार नाही. किंवा डॉक्टरांनी काहीच दिलं नाही आणि घरचे अस्वस्थ आहेत. म्हणून उत्तरांत औषधांपेक्षा तपासणीबद्दल जास्त लिहिलं आहे. जिथे मात्रा दिली आहे, तिथे ती मुलाचं आजचं वजन घेऊन आपल्या डॉक्टरांकडून पडताळून घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. तीन दिवस ताप आहे, 39.4 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. डॉक्टरांनी कान, घसा, छाती पाहिली आणि ‘विषाणूचा ताप दिसतोय, दोन दिवस बघू’ म्हणाले. रक्त तपासलं नाही, अँटिबायोटिक दिलं नाही. दुसरीकडे दाखवावं का?
— एक आई

उत्तर : अँटिबायोटिक दिलं नाही हे बरोबरच केलं. पण एक तपासणी राहिली आहे, ती लघवीची.

दोन वर्षांखालच्या मुलाला 39 अंशांच्या वर ताप आहे आणि कान, घसा, छाती, त्वचा यांत कारण सापडत नाही, तेव्हा मूत्रमार्गाचा संसर्ग शोधावाच लागतो. या वयात जळजळ सांगता येत नाही आणि लघवीला वासही येईलच असं नाही. एकटा ताप एवढंच लक्षण असू शकतं. मुलींमध्ये तर हे जास्त.

नमुना कसा घेतला यावर सगळं अवलंबून आहे. चिकटवायच्या पिशवीत घेतलेल्या लघवीत त्वचेवरचे जंतू हमखास मिसळतात. ती लघवी स्वच्छ निघाली तर संसर्गाची शक्यता कमी, एवढंच म्हणता येतं. दोष निघाला तर त्यावर विसंबून उपचार सुरू करू नयेत आणि तो नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवू नये. जागा पाण्याने धुऊन, धार सुरू झाल्यावर मधली लघवी निर्जंतुक डबीत धरणं किंवा नळीने नमुना घेणं, हे मार्ग भरवशाचे आहेत. लघवीत बुडवून बघायच्या पट्टीवरच्या ‘नायट्राइट’च्या चौकोनाचंही एक गणित आहे. जंतूंना नायट्राइट तयार करायला लघवी मूत्राशयात सुमारे चार तास राहावी लागते. लहान मूल तर दर तासा-दोन तासांनी लघवी करतं. त्यामुळे या वयात नायट्राइट ‘नाही’ आलं म्हणजे संसर्ग नाही असा अर्थ होत नाही. पांढऱ्या पेशींचा चौकोनही बघावा आणि शंका असेल तर कल्चर करावं.

रक्त न तपासण्यात चूक नव्हती. पांढऱ्या पेशींची संख्या विषाणूच्या तापातही वाढते आणि जंतूंच्या तापात पहिल्या दिवशी साधीही असू शकते. ‘पॅरासिटामॉलने ताप उतरला, म्हणजे साधाच’ हाही समज चुकीचा आहे. औषधाने ताप दोन्हींत उतरतो. उपयोगाचं निरीक्षण वेगळं आहे. ताप उतरलेला असतानाच्या त्या दोन तासांत मूल हसतं का, खेळतं का, नजर देतं का, पाणी मागतं का? तापात मलूल आणि ताप उतरल्यावर खेळकर, असं मूल घरी थांबू शकतं. ताप नसतानाही पडून राहणारं मूल त्याच दिवशी दाखवायचं.

आकड्यांत सांगायचं तर तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, ताप आला की ते कितीही ताजंतवानं दिसलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. या वयात गंभीर संसर्ग चेहऱ्यावर दिसत नाही. मोठ्या मुलांत खालीलपैकी काहीही दिसलं तर थांबू नये: पाणी किंवा अंगावरचं दूध न घेणं, घेतलेलं सगळं उलटून पडणं, झटके, जागं करूनही नीट जागं न होणं, मान ताठ होणं, आणि पारदर्शक पेला दाबला तरी न पुसले जाणारे लाल-जांभळे ठिपके. छातीच्या मधल्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा रंगायला हवी. तीन किंवा जास्त सेकंद लागत असतील तर रक्ताभिसरण कमी पडतंय.

ताप पाच दिवस टिकला तर पुन्हा पायापासून डोक्यापर्यंत तपासणी. डोळे चिपडांशिवाय लाल, ओठ लालभडक आणि फुटलेले, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले, मानेत मोठी गाठ, यांपैकी काही खुणा जमत असतील तर कावासाकी आजाराचा विचार करायचा. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगवटा येऊ शकतो, आणि तो टाळण्यासाठी इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलं जाणारं प्रतिपिंडांचं औषध) दहा दिवसांच्या आत देणं श्रेयस्कर. या खुणा एकाच वेळी दिसतील असं नाही, म्हणून आधीच्या दिवसांत काय दिसलं होतं तेही आईला विचारावं लागतं.

आणि पॅरासिटामॉल. मात्रा दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. बारा किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम. बाटलीवर 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असेल तर ते 7.5 मिलिलिटर होतात, 250 असेल तर 3.6, आणि थेंबांच्या बाटलीत 1 मिलिलिटरमध्ये 100 असेल तर फक्त 1.8. जुन्या बाटलीचा ‘साडेसात’ हा आकडा डोक्यात ठेवून थेंबांचं औषध दिलं, तर एका घोटात 750 मिलिग्रॅम जातात. म्हणून ‘किती मिलिलिटर’ विचारण्याआधी बाटलीवरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचा. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका.

प्रश्न : मी प्राथमिक केंद्रात परिचारिका आहे. खोकल्याच्या मुलांचे श्वास मोजते, पण दर वेळी वेगळा आकडा येतो. मूल रडत असेल तर काय करावं?
— एक परिचारिका

उत्तर : मूल रडत असताना मोजूच नका. तपासणीतलं पहिलं काम श्वास मोजण्याचं ठेवा. थर्मामीटर, स्टेथोस्कोप, घशातली पट्टी हे सगळं नंतर. मूल आईच्या मांडीवर, कपडा पोटाच्या वर सरकवलेला, तुम्ही दोन हात लांब. पोट किंवा छाती, जे स्पष्ट हलतंय त्याकडेच पाहत पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं की एका श्वासाची चूक चार होते, आणि लहान मुलांचा श्वास मुळातच अनियमित असतो. तुमचे आकडे बदलण्याचं कारण बहुधा हेच असेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन ते बारा महिने 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त आलं तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. ताप चढलेला असेल तर ताप उतरल्यावर दुसरी मोजणी घ्या.

छाती आत ओढली जाते का, हे बघताना नजर खालच्या बरगड्यांवर हवी. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत जात असेल तरच ती खूण धरायची. फक्त बरगड्यांमधली किंवा गळ्यावरची त्वचा किंचित ओढली जाणं वेगळं. मूल कंबरेत वाकून बसलं असेल तर हे दिसतच नाही, त्याला आडवं घ्या. मूल शांत असतानाही श्वास आत घेताना घर्र आवाज येत असेल तर घसा तपासण्याचा प्रयत्न करू नका, थेट पुढे पाठवा.

ऑक्सिमीटर असेल तर वापरा, पण गार बोटं, हलणारा हात आणि नखांचा रंग यांनी तो फसतो. सावळ्या त्वचेत तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, त्यामुळे काठावरच्या आकड्यावर निश्चिंत होऊ नका. 90 टक्क्यांखाली आकडा आला तर ऑक्सिजन आणि रुग्णालय.

एक सांगायचं राहिलं. मूल जोरात, खोल श्वास घेतंय, पण खोकला नाही, ताप नाही, छाती स्वच्छ आहे. अशा मुलाची बोटातून रक्तातली साखर बघा. पुढचा प्रश्न त्याच संदर्भातला आहे.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. तीन वर्षं अंथरूण कोरडं होतं, आता दोन आठवडे रोज ओलं. पाणीही खूप पितो. लघवीत ‘संसर्ग नाही’ असं सांगितलं. उन्हाळा आहे, शाळा बदलली आहे, म्हणून असेल का?
— एक वडील

उत्तर : हे पत्र हातात आल्यावर आम्ही तुम्हाला छपाईची वाट न पाहता लगेच कळवलं. इतरांसाठी इथे लिहितो.

थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं आणि जास्त तहान, या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्याच दिवशी, त्याच तासात साखर तपासायची. हात धुऊन, पुसून. बोटाला गोड काही लागलेलं असेल तर आकडा खोटा वाढतो. लक्षणं आहेत आणि कोणत्याही वेळची साखर 200 मिलिग्रॅम किंवा त्याच्या वर आहे, एवढ्यावर मधुमेहाचं निदान होतं. ‘उद्या सकाळी उपाशीपोटी या’ असं सांगणं मुलांच्या बाबतीत धोक्याचं आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन संपत आलेलं असतं आणि ‘बरा दिसतो’पासून उलट्या, पोटदुखी, खोल श्वास आणि गुंगीपर्यंतचा प्रवास एका रात्रीत होऊ शकतो. निदान झालं की त्याच दिवशी इन्सुलिनची सोय असलेल्या ठिकाणी पाठवायचं.

लघवीच्या पट्टीवर साखरेचा चौकोनही असतो. ‘संसर्ग नाही’ म्हणणाऱ्याने तो वाचला होता का, हे विचारायला हरकत नाही. साखर ठीक निघाली तर मग बद्धकोष्ठ, रात्रीचं घोरणं, मनावरचा ताण यांचा शोध सावकाश घेता येतो.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा वजनाने थोडा जास्त आहे. तीन आठवड्यांपासून डावा गुडघा दुखतो, चालताना थोडा लंगडतो. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. ‘वाढीचं दुखणं आहे, खेळ बंद करा’ असं सांगितलं. एवढं पुरेसं आहे का?
— एक वडील

उत्तर : पुरेसं नाही. त्याचा खुबा तपासून घ्या, आणि तोपर्यंत त्याला चालवू नका.

खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना काही सामाईक नसांमधून जातात. त्यामुळे बिघाड खुब्यात आणि दुखणं गुडघ्यात किंवा मांडीत, असं मुलांत नेहमी होतं. दहा ते सोळा या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, मांडीच्या हाडाचं वरचं टोक वाढीच्या थरावरून हळूहळू घसरतं. गोळा खोबणीतच राहतो आणि हाडाची मान पुढे सरकते. मार लागलेला नसतो, ताप नसतो, गुडघा सुजलेला नसतो. अशा मुलाच्या गुडघ्याचे कितीही एक्स-रे काढले तरी ते स्वच्छच येणार.

तपासणीला दोन मिनिटं लागतात. मूल उताणं झोपवायचं. दुखरा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. गुडघा छातीकडे वाकवत नेला की मांडी सरळ वर न येता आपोआप बाहेर कलते. मग खुबा आणि गुडघा दोन्ही काटकोनात ठेवून पाऊल बाहेरच्या बाजूला न्यायचं, म्हणजे खुबा आत वळतो. निरोगी बाजूला ही हालचाल सहज होते, घसरलेल्या बाजूला अडते किंवा दुखते. दोन्ही बाजू शेजारी शेजारी करून पाहिल्या तरच फरक कळतो. मुलगा दुखऱ्या पायावर भारच टाकू शकत नसेल तर या हालचालीही करू नका. तो अस्थिर प्रकार समजावा.

एक्स-रे मागताना दोन्ही खुब्यांचा समोरून आणि बेडकासारखे पाय फाकवून बाजूचा, असे दोन मागा. समोरच्या चित्रात सुरुवातीची घसरण निसटते. हाडाच्या मानेच्या वरच्या कडेने रेघ ओढली तर ती गोळ्याचा थोडा भाग छेदून जायला हवी. ती गोळ्याला न शिवता वरून गेली की निदान झालं. भार टाकता येत नसेल तर मात्र पाय जबरदस्तीने फाकवून चित्र घेऊ नये. निदान झाल्यावर मुलगा स्वतःच्या पायांनी घरी जाता कामा नये. चाकाच्या खुर्चीवरून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे. घसरण आणखी वाढली तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि मग सांधा कायमचा खराब होतो. वेळेत स्क्रू बसवला तर घसरण तिथेच थांबते. पुढे वाढ पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या खुब्यावरही लक्ष ठेवावं लागतं. दहा वर्षांखालच्या किंवा सडपातळ मुलात हाच प्रकार आढळला तर थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणीही करावी.

‘वाढीचं दुखणं’ हे नाव फार सैलपणे वापरलं जातं. त्याच्या अटी कडक आहेत: वय साधारण तीन ते बारा, दोन्ही पाय, सांध्यात नाही तर पोटरी किंवा मांडीत, संध्याकाळी किंवा रात्री, आणि सकाळी मूल पूर्ण ठीक, लंगडणं अजिबात नाही. एकाच बाजूला दुखणारं, दिवसाही दुखणारं किंवा लंगडवणारं दुखणं वाढीचं नसतं. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन तेच दाबल्यावर दुखत असेल तर तो खेळाडू मुलांचा साधा त्रास असतो. लंगडण्याबरोबर ताप असेल आणि मूल पाय टेकवत नसेल तर सांध्यात पू झाल्याची शंका, तातडीचं काम. फिकेपणा, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग आणि रात्री हाडं दुखणं असेल तर त्याच दिवशी रक्ताची पूर्ण तपासणी आणि पेशींची स्लाइड.

प्रश्न : वर्गातली नऊ वर्षांची मुलगी आठवड्यातून दोन-तीनदा पोट दुखतं म्हणते, बहुतेक सकाळीच. सुट्टीत दुखत नाही. नाटक समजावं का?
— एक शिक्षिका

उत्तर : नाटक समजू नका. आतडं आणि मन यांच्यातली दळणवळण बिघडली की दुखणं खरंच होतं, तपासण्या कोऱ्या आल्या तरी. शाळेच्या दिवशीच दुखतं यावरून कारणाची दिशा कळते, दुखणं खोटं आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

तरीही आधी डॉक्टरांनी काही गोष्टी वगळायला हव्यात. दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकी शंका जास्त. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, उंचीची गती मंदावणं, शौचातून रक्त, हिरवी उलटी, रेंगाळणारा ताप, सांधेदुखी, गुदद्वाराजवळ व्रण, घरात कुणाला आतड्याचा दाहक आजार किंवा सिलियाक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) असणं, यांपैकी काही असेल तर तपासण्या. काही नसेल तर वजन-उंचीचा आलेख, लघवी, रक्ताची साधी तपासणी आणि सिलियाकची एक चाचणी एवढं बहुधा भागतं. सोनोग्राफी वारंवार करण्यात अर्थ नाही. त्यात दिसणाऱ्या पोटातल्या छोट्या गाठी निरोगी मुलांतही असतात, आणि मग विनाकारण त्यांच्यावरच उपचार सुरू होतात.

शाळेत करण्यासारखं म्हणजे तिला घरी न पाठवणं. दहा-पंधरा मिनिटं शांत बसू द्या आणि वर्गात परत घ्या. शाळेतलं स्वच्छतागृह वापरायला ती टाळते का, तेही बघा. कितीतरी ‘सकाळची पोटदुखी’ ही थोपवून धरलेली शी असते.

अचानक आलेली पोटदुखी मात्र वेगळी. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं असेल आणि मूल एका पायावर उडी मारायला नकार देत असेल, तर अपेंडिक्सचा विचार. आणि मुलगा असेल तर अंडकोष पाहिल्याशिवाय पोटाची तपासणी पूर्ण होत नाही. अंडकोषाला पीळ पडला की किशोरवयीन मुलगा लाजेने फक्त ‘खाली पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो, आणि तो वाचवायला साधारण सहा तास मिळतात. तपासण्यांच्या रांगेत ते घालवू नयेत.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाच्या चड्डीला दिवसातून चार वेळा पातळ शी लागते. जुलाबाची औषधं दिली, फरक नाही. त्याला कळतच नाही असं म्हणतो.
— एक आई

उत्तर : तो खरं सांगतो आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटी कडक शी साठून राहिली की तिथलं आतडं ताणलं जातं, शी आल्याची जाणीव बोथट होते आणि वरची पातळ शी कडेने झिरपते. म्हणजे दिसतो जुलाब, असतं बद्धकोष्ठ. शी थांबवणारं औषध दिलं की प्रकरण आणखी बिघडतं. पोट हलक्या हाताने दाबलं तर डाव्या बाजूला खाली गोळा लागतो. महिन्यातून एक-दोनदा शौचकूप तुंबेल एवढी मोठी शी होते का, तेही विचारावं.

आधी साठलेलं बाहेर काढायचं: पॉलिएथिलीन ग्लायकॉलची भुकटी दर किलोला रोज 1 ते 1.5 ग्रॅम, तीन ते सहा दिवस. या दिवसांत चड्डी आणखी खराब होईल, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर दुसऱ्याच दिवशी औषध बंद होतं. मग दर किलोला रोज सुमारे 0.4 ग्रॅम, किमान दोन महिने. शी मऊ झाली म्हणून दोन आठवड्यांत थांबवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं शौचाला बसवा, पाय अधांतरी नकोत, खाली चौरंग द्या. रागावू नका.

जन्मानंतर पहिली काळी शी अठ्ठेचाळीस तासांत झाली नव्हती, पोट फुगलेलं राहतं, पाय कमकुवत आहेत किंवा कंबरेच्या खाली मणक्यावर केसांचा झुपका वा खळगा आहे, असं असेल तर हे साधं बद्धकोष्ठ मानू नये.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. हिमोग्लोबिन 10.4 आहे. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, आता 10.5. आणखी जास्त गोळ्या घेऊ का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : नको. लोह कमी असतं आणि पोचलं असतं, तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान 1 ग्रॅमने वाढायला हवं होतं. वाढलं नाही, म्हणजे गोळी पोचत नाही, रक्त वाया जातंय, किंवा कारणच दुसरं आहे.

गोळी दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेत असशील तर लोह आतड्यात अडतं. पाकिटावरचा आकडा क्षाराचा आहे की शुद्ध लोहाचा, तेही बघ. फेरस सल्फेटच्या 300 मिलिग्रॅममध्ये लोह 60 मिलिग्रॅम असतं. मळमळ होते म्हणून गोळ्या चुकत असतील तर डॉक्टरांना तसं सांग. एक दिवसाआड घेतलेली गोळीही चांगली शोषली जाते.

पाळीबद्दल कुणी विचारलं का? तासा-दोन तासांनी पॅड भिजणं, रात्री उठून बदलावं लागणं, सात दिवसांपेक्षा जास्त जाणं, मोठ्या गाठी पडणं, हे नेहमीचं म्हणून सोडून द्यायचं नाही. त्यासोबत नाकातून रक्त येत असेल किंवा दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला असेल, तर रक्त गोठण्यातल्या दोषाची, विशेषतः फॉन विलेब्रँडची तपासणी करावी लागते.

मग तुझ्या जुन्याच रिपोर्टवरचे दोन आकडे बघ: तांबड्या पेशीचा सरासरी आकार आणि तांबड्या पेशींची संख्या. आकाराला संख्येने भाग. आकार 62 आणि संख्या 5.6 असेल तर उत्तर 11 येतं. तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाची वाहक असण्याची शक्यता, तेराच्या वर आलं तर लोहाची कमतरता अधिक संभवते. हा फक्त अंदाज. खात्री हिमोग्लोबिनच्या प्रकारांच्या तपासणीने होते, वाहकांत ए-दोन हा प्रकार 3.5 टक्क्यांच्या वर असतो. लोह फार कमी असेल तर तो आकडा खोटा खाली येऊ शकतो, म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, सोबत करावं. फेरिटिन मात्र ताप-संसर्गात वाढतं, त्यामुळे आजारपणात केलेलं ‘नॉर्मल’ फेरिटिन धरू नये. वाहक असणं हा आजार नाही आणि त्यावर लोहाचा उपयोगही नाही, पण पुढे जोडीदाराची तपासणी करण्यासाठी हे माहीत असायला हवं.

प्रश्न : मुलगा साडेतेरा वर्षांचा, वर्गात सगळ्यांत बुटका. हार्मोनची इंजेक्शनं द्यावीत का?
— आई-वडील

उत्तर : त्याची आजची उंची एकटी काहीच सांगत नाही. वर्षभरापूर्वीची उंची हवी. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलं साधारण वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर वाढतात. वयात येण्याच्या अगदी आधी ही गती थोडी मंदावते, पण 4 च्या खाली गेली तर कारण शोधावं. मोजताना बूट काढून, टाचा-नितंब-पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. एकाच भिंतीवर, शक्यतो एकाच व्यक्तीने. सहा महिन्यांत वाढ दोन-अडीच सेंटिमीटरच असते, त्यात एका सेंटिमीटरची चूक सगळा अर्थ बदलते.

तुमच्या दोघांच्या उंचीची बेरीज करून त्यात 13 मिळवा आणि दोनाने भागा. वडील 168, आई 154 असतील तर 167.5. याच्या आसपास साधारण साडेआठ सेंटिमीटर खालीवर अपेक्षित असतं. मुलीसाठी 13 वजा करायचे. वडिलांना मिसरूड उशिरा फुटली होती का, तेही आठवा. उशिरा वयात येणं घराण्यात चालत येतं. मुलांत वयात येण्याची पहिली खूण म्हणजे अंडकोष 4 मिलिलिटर होणं, आवाज फुटणं खूप नंतर. ही खूण चौदा वर्षांपर्यंत दिसली नाही तर तपासणी. डाव्या मनगटाच्या एक्स-रेमध्ये हाडांचं वय मागे असेल तर वाढायला अजून वाव आहे. उंची खुंटली आणि वजन वाढतंय, तर थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथीचा दोष आठवावा. वजन आधी घटलं आणि मग उंची थांबली, तर पोषण किंवा आतडं. मुलीची उंची अकारण खुंटलेली असेल तर गुणसूत्रांची तपासणी करायचीच.

प्रश्न : सोळा वर्षांच्या मुलीला डोकेदुखी आणि थकव्यासाठी नेलं. डॉक्टरांनी आम्हाला दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. हे योग्य आहे का?
— एक आई

उत्तर : योग्य आहे, आणि असं न विचारता केलेली किशोरवयीन मुलांची तपासणी अर्धवट असते. आधी तिघांना एकत्र बसवून नियम सांगायचा असतो: आत बोललेलं आतच राहील, फक्त जिवाला धोका किंवा कुणी छळ करत असल्याचं कळलं तर मोठ्यांना सांगावं लागेल. नंतर घर, शाळा, खाणं-झोप, मित्र, व्यसन, शरीरसंबंध, मनःस्थिती आणि सुरक्षितता, अशा सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या क्रमाने प्रश्न.

या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून, डोकेदुखीतून, उतरलेल्या गुणांतून जास्त दिसतं. दोन आठवडे बहुतेक दिवस तसं असेल तर ते ‘वय आहे’ म्हणून टाळायचं नाही. मरावंसं वाटतं का, हे थेट विचारलं जातं. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. ‘हो’ म्हटलं तर कसं, केव्हा, साधन जवळ आहे का, हेही विचारायचं आणि घरातली औषधं, कीटकनाशकं त्याच दिवशी कुलपात ठेवायची. ठरवलेली योजना असेल तर मुलीला एकटं न सोडता तातडीने मानसोपचारतज्ज्ञांकडे.

डोकेदुखीसाठी रक्तदाब, नजर आणि डोळ्यांचा पडदा तपासलेला असावा. पहाटे उठवणारी डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, तिरळेपणा, चालताना तोल जाणं, यांपैकी काही असेल तर मेंदूचं चित्रण. महिन्यातून पंधरा दिवस वेदनाशामक घेतलं जात असेल तर ते औषधच डोकेदुखी टिकवून ठेवत असतं.

प्रश्न : घशात पांढरे ठिपके दिसले की अँटिबायोटिक सुरू करावं ना? मागच्या वेळी अमॉक्सिसिलिनने अंगभर पुरळ आलं होतं. मुलगी अकरा वर्षांची आहे.
— एक आई

उत्तर : ठिपक्यांवरून ठरत नाही. खोकला, वाहणारं नाक, बसलेला आवाज, तोंड येणं, यांतलं काही असेल तर बहुधा विषाणू. खोकला नाही, ताप आहे, मानेत पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आहेत आणि टॉन्सिल सुजलेले आहेत, तर स्ट्रेप्टोकोकस या जंतूची चाचणी करावी. तीन वर्षांखाली तो क्वचितच असतो. चाचणीच्या निकालासाठी एक-दोन दिवस थांबल्याने बिघडत नाही, कारण संधिवाताचा ताप (या जंतूनंतर सांधे आणि हृदयाला होणारा आजार) टाळायला घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांत सुरू केलेलं औषधही पुरतं. सुरू केलं की मात्र दहा दिवस पूर्ण. लाळ गळणं, तोंड न उघडणं, मान न वळणं असेल तर वाट पाहू नका.

मागचं पुरळ कसं होतं, ते डॉक्टरांना नीट सांगा. ग्रंथीज्वरात (घसा दुखून मानेत गाठी येणाऱ्या एका विषाणूच्या तापात) अमॉक्सिसिलिन दिलं की काही दिवसांनी सपाट, लालसर, अंगभर पुरळ येतं. ती पेनिसिलिनची ॲलर्जी नसते. औषध घेतल्यावर तासाभरात गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं ही ॲलर्जीची लक्षणं. पहिला प्रकार असेल तर तिच्या कागदांवरचा ‘पेनिसिलिन वर्ज्य’ हा शिक्का तज्ज्ञांकडून तपासून काढून घ्या, नाहीतर पुढे न्यूमोनियासारख्या आजारात तिला चांगलं औषध मिळणार नाही. खात्री होईपर्यंत स्वतःहून अमॉक्सिसिलिन देऊ नका.